घरातला दगडांचा संग्रह कॉलेजला द्यायचाय? आधी चिठ्ठी लिहा

सातारा-सांगली भागात अनेक घरांत एखाद्या शोकेसमध्ये, नाहीतर माडीवरच्या पत्र्याच्या पेटीत दगड ठेवलेले असतात. कुणी विहीर खोदताना सापडलेली पांढरी चकाकणारी गार उचलून आणलेली असते, कुणाला खडीच्या खाणीतल्या पोकळीत हिरवट काचेसारखे खडे मिळालेले असतात. काही जण, विशेषतः शिक्षक, ओव्हरसियर, विहिरीची कामं घेणारे ठेकेदार, पाटबंधारे खात्यातली माणसं, चाळीस चाळीस वर्षं हे जमवत राहतात. घरातली बाकीची मंडळी म्हणतात, "काय ते दगडं साठवलेत!" आणि मग एक दिवस प्रश्न येतो की यांच्यानंतर या दगडांचं करायचं काय?

जवळच्या कॉलेजच्या संग्रहालयाला देऊन टाकणं, हे त्याचं चांगलं उत्तर आहे. सांगलीत विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं. तिथं भूशास्त्र शिकवण्याची परंपरा आहे. पण जिथं भूशास्त्र हा विषय नाही, तिथंही भूगोल, रसायनशास्त्र, कृषी या विभागांना असे नमुने उपयोगी पडतात. फक्त पेटी उचलून कॉलेजच्या दारात ठेवली म्हणजे संग्रह दिला असं होत नाही. दगडाबरोबर त्याची माहिती जायला पाहिजे. ती कशी आणि का, ते या लेखात.

आपल्या कातळात हे खडे येतात कुठून?

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. दख्खनचा हा कातळ आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातल्या वरच्या थरांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी 'वाई उपगट' असंच नाव दिलंय, आपल्या वाईवरून. महाबळेश्वर आणि आंबेनळी ही त्याच गटातल्या थरांची नावं. घाटाने पोलादपूरला उतरताना जे कडे दिसतात, ते याच थरांचे.

हा कातळ किती खोल आहे, हे कोयना भागात प्रत्यक्ष मोजलेलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा अभ्यास कधी थांबलाच नाही. अलीकडच्या काळात तिथं खोल छिद्रं घेतली गेली. रासाटीजवळ सुमारे ९३० मीटर खाली गेल्यावर बेसाल्ट संपला आणि जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. गोठणे इथलं छिद्र तर ३,००० मीटरपर्यंत गेलं आणि तिथं बेसाल्टची जाडी सुमारे १,२५० मीटर निघाली. हे काम बघणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. एवढ्या खोलीवरून काढलेल्या दगडाच्या कांड्यांवर खोलीची नोंद नसती, तर त्यांची किंमत रस्त्याकडेच्या दगडाएवढीच राहिली असती. हा मुद्दा पुढं कामाला येणार आहे.

आता खडे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. नंतर लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपतं. ते खडकातले क्षार विरघळवतं आणि पोकळीत आणून सोडतं. त्यातून स्फटिक वाढतात. विहीर खोदताना मुरूम संपून मऊसर, ठिपक्याठिपक्यांचा जो खडक लागतो, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात, त्यातले पांढरे ठिपके म्हणजे अशाच भरून गेलेल्या छोट्या पोकळ्या. पोकळी मोठी असेल आणि पुरती भरली नसेल, तर आत स्फटिकांचा दरबार भरलेला असतो.

यातली बरीच खनिजं झिओलाइट गटातली. हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेट या शास्त्रज्ञानं दिलं. दगड तापवला की त्यातलं पाणी उकळून तो फुगतो, म्हणून 'उकळणारा दगड'. गुलाबी किंवा पांढऱ्या, पेंढी बांधल्यासारख्या दिसणाऱ्या स्फटिकांना स्टिल्बाइट म्हणतात. मोत्यासारखी चमक असलेला चपटा स्फटिक बहुतेक वेळा ह्यूलँडाइट असतो. सुयांचा झुबका दिसला तर स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. चौकोनी खांबासारखा, काचेसारखा स्वच्छ, कधी हिरवट, तो ॲपोफिलाइट. तो झिओलाइट नाही, पण त्यांच्याच पंगतीला बसतो. कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा म्हणजे ओकेनाइट. याखेरीज गारगोटी, अकीक आणि कॅल्साइट तर सगळीकडेच. कॅल्साइट ओळखायला सोपा. लिंबाचा थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे येतात. गारगोटीवर काही होत नाही. मात्र ही परीक्षा चांगल्या स्फटिकावर करू नका, त्याच्या एखाद्या तुटक्या कपच्यावर करा.

पुणे, नाशिक, जळगाव आणि मुंबईच्या खाणींतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. १८६३ साली बोरघाटाची रेल्वे सुरू झाली. त्या बोगद्यांच्या कामात निघालेले स्फटिक तेव्हाच विलायतेला पोचले होते. त्या मानानं सातारा-सांगलीचं नाव या यादीत फारसं येत नाही. म्हणूनच इथं घरोघरी पडून असलेले साधे नमुनेसुद्धा मोलाचे आहेत. कुठल्या गावात, किती खोलीवर, कोणतं खनिज मिळालं याची नोंद दुसरीकडे असायची शक्यता कमी.

शिवाय ही संधी हातातून चाललीय. पूर्वी विहीर माणसं खोदायची, सुरुंग उडवून दगड हातानं बाहेर काढायचे. पोकळी दिसली की काम करणाऱ्याला दिसायची. आता बहुतेक ठिकाणी बोअर मारतात. बोअरच्या तोंडातून भुकटी येते, स्फटिक येत नाही. खाणीतही ब्रेकर आणि क्रशर. सकाळी उघडी पडलेली पोकळी संध्याकाळी खडी होऊन रस्त्यावर जाते. जुन्या विहिरींतून ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी नमुने जपून ठेवले, त्यांच्याकडचा ऐवज पुन्हा मिळणारा नाही.

चिठ्ठी का महत्त्वाची?

एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमध्ये आर्थर किंग्सबरी नावाचे हौशी खनिज संग्राहक होते. तिथल्या जाणकारांत त्यांचा मोठा दबदबा. दुसऱ्या कुणालाही न सापडलेली दुर्मिळ खनिजं त्यांना ब्रिटनमधल्या जुन्या खाणींत सापडायची. १९६८ साली ते वारले आणि हजारो नमुन्यांचा त्यांचा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडे आला. पुढं शास्त्रज्ञांनी एकेक नमुना तपासला, तेव्हा लक्षात आलं की दगड खरे होते, पण चिठ्ठ्या खोट्या. दुसरीकडचे नमुने ब्रिटनमधल्या खाणींच्या नावावर खपवलेले होते. परिणाम काय, तर त्यांच्या नोंदींवर विसंबून 'अमुक खनिज अमुक ठिकाणी मिळतं' असं जे जे लिहिलं गेलं होतं ते पुन्हा तपासावं लागलं, आणि बरंच काही खोडावं लागलं. त्यांचे खरे नमुनेही संशयाच्या घेऱ्यात आले.

आपल्याकडे कुणी मुद्दाम खोटं लिहिणार नाही. पण न लिहिणं, किंवा अंदाजानं 'महाबळेश्वर' असं लिहून टाकणं, याचा परिणाम तोच होतो. चांगला दिसणारा दगड महाबळेश्वरच्या नावावर टाकायची सवय आपल्याकडे आहेच! तिथल्या दुकानात विकत घेतलेला जांभळा ॲमेथिस्ट तिथलाच असेल असं नाही, तो परदेशातूनही आलेला असू शकतो. रंगवलेले अकीक तर सर्रास मिळतात. विकत घेतलेलं वाईट नाही, कॉलेजच्या मुलांना दाखवायला तेही चालतं. फक्त 'विकत घेतला, अमुक ठिकाणच्या दुकानातून' असं स्पष्ट लिहा आणि स्वतः गोळा केलेल्यांपासून ते वेगळे ठेवा.

उलट बाजूचं उदाहरण पुण्याजवळच्या वाघोलीचं. कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९६७ साली ते पहिल्यांदा सापडलं आणि १९७३ साली त्याचं वर्णन छापून आलं. तिथं अगदी थोडं मिळालं होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी वाघोलीच्या खडीच्या खाणींत त्याचे असे काही नमुने निघाले की आज जगात कुठंही कॅव्हन्साइट म्हटलं की वाघोलीचं नाव घेतलं जातं. एका गावाचं नाव जगाच्या संग्रहालयांत गेलं, ते दगडाबरोबर गावाचं नाव लिहिलं गेलं म्हणून.

चिठ्ठीत काय लिहायचं?

खनिजाचं नाव आलं नाही तरी चालेल. ते कॉलेजचे प्राध्यापक ओळखतील, नाहीतर पुढं कुठल्या तरी प्रयोगशाळेत तपासून घेतील. पण जागा फक्त तुम्हीच सांगू शकता. म्हणून गाव, तालुका, जिल्हा आधी लिहा. शक्य असेल तर गट नंबर, वस्तीचं किंवा मळ्याचं नाव, ओढ्याच्या कुठल्या अंगाला तेही. विहिरीतला असेल तर किती परसावर सापडला, कातळात की मांजऱ्यात, वर लाल मातीचा थर लागला होता का. साल नक्की आठवत नसेल तर '१९७२ च्या दुष्काळातल्या कामावर' किंवा 'थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी' असं जसं आठवतं तसं लिहा, पुढं त्यावरून साल काढता येतं. आणि ज्यानं दगड हातात आणून दिला त्याचं नावही लिहा. पुष्कळदा तो विहिरीवर किंवा खाणीत राबणारा माणूस असतो. संग्रहालयाच्या पाटीवर त्याचं नाव कधी लागत नाही. ते लागावं असं मला वाटतं.

जे ऐकीव आहे त्यापुढं 'ऐकीव' लिहा. माहीत नसेल तर 'ठिकाण माहीत नाही' असं लिहिण्यात कमीपणा नाही. किंग्सबरींची गोष्ट लक्षात ठेवा.

चिठ्ठी दगडापासून सुटते, हा नेहमीचा घोळ. म्हणून दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्यायचा, तो वाळला की काळ्या शाईनं क्रमांक घालायचा आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवायचा. तोच क्रमांक वहीत, तोच चिठ्ठीवर. स्फटिकावर मात्र रंग लावू नका, कातळाच्या भागावरच लावा. जुनी चिठ्ठी फाटकी असली, अक्षर लागत नसलं तरी टाकून देऊ नका. नवी लिहा आणि जुनी तिच्यासोबत ठेवा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. विहीर अजून असेल तर तिथं उभं राहून मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घेऊन ठेवा.

नावांसाठी मराठी शब्द हवे असतील तर वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. खनिजांवरच्या नोंदी त्यात आहेत आणि आता त्या मोबाइलवरही वाचता येतात. कॉलेजच्या पाट्या मराठीत असल्या तर शाळेची पोरं थांबून वाचतात.

कॉलेजशी बोलताना

दान देणाऱ्याला वाटतं, आपण एवढं देतोय, त्यांनी आनंदानं घ्यावं. कॉलेजची अडचण वेगळी असते. जागा, कपाटं, कुलूप, आणि हे बघणारा माणूस. आज विभागात आस्थेवाईक सर असतात, उद्या ते निवृत्त होतात, एखाद्या वर्षी विषयाला मुलं कमी येतात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे हेच कळत नाही. म्हणून दान कुण्या एका सरांना नव्हे, संस्थेला द्यायचं. नमुन्यांची क्रमांकवार यादी, फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तारीख असलेलं दानपत्र करा. एक प्रत घरी ठेवा. यादी कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढली का, ते विचारा. एकदा तिथं चढलं की वर्षाच्या तपासणीत ते दाखवावं लागतं, आपोआप गायब होत नाही.

'सगळं एकत्रच मांडा, कधी हलवू नका' अशी अट घालू नका. कुठलंही कॉलेज ती कायम पाळू शकत नाही. त्यापेक्षा एवढंच लिहा की संग्रह विकायचा नाही, मुलांना अभ्यासाला द्यायचा, आणि कॉलेजला कधी सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या शैक्षणिक संस्थेला वहीसकट द्यायचा. 'वहीसकट' हा शब्द गाळू नका.

आणि जमलं तर थोडे पैसेही द्या. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनी जन्मभर खनिजं जमवली. १९२६ साली ते वारल्यावर त्यांच्या मुलानं सुमारे १६,००० नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिले आणि बरोबर दीड लाख डॉलरचा निधीही दिला, संग्रह सांभाळायला आणि वाढवायला. त्याच संस्थेचं जुनं दुःख वेगळं होतं. ज्यांच्या पैशातून ती उभी राहिली त्या जेम्स स्मिथसन यांचा स्वतःचा हजारो खनिजांचा संग्रह १८६५ सालच्या आगीत गेला, सोबत त्यांचे कागदही. तेवढ्यासाठी तरी वहीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. आपल्याला दीड लाख डॉलर द्यायचे नाहीत. काचेचं एक कपाट आणि ड्रॉवरचा एक सेट दिला तरी कॉलेजचं निम्मं ओझं उतरतं.

खासगी ठेवा लोकांसाठी खुला करणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या कलासंग्रहासाठी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभं केलं. संस्थान गेलं, संग्रहालय राहिलं, आणि आता ते राज्य सरकार सांभाळतं. दगडांच्या बाबतीत नाव घ्यायचं तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं 'गारगोटी' संग्रहालय. माजी नौसैनिक के. सी. पांडे यांच्या खासगी संग्रहातून ते उभं राहिलं. शिर्डीला जाताना वाट थोडी वाकडी करून बघण्यासारखं आहे. कॅव्हन्साइट, ॲपोफिलाइट, ओकेनाइट खऱ्या स्वरूपात एका जागी बघितले की आपल्या पेटीतलं काय काय आहे याचा अंदाज येतो.

चांगल्या स्फटिकाला बाजारात पैसे मिळतात, हेही खरं. घरात अडचण असेल आणि कुणी चार मोठे नमुने विकले तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त विकण्याआधी फोटो आणि जागेची नोंद वहीत राहू द्या. उरलेला संग्रह कॉलेजला जाईल तेव्हा ती नोंदही सोबत जाईल.

पावसाळा, ऊन आणि हात

दगडाला काय होतंय, असं वाटतं. होतं. लॉमोंटाइट नावाचं पांढरं खनिज कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि हळूहळू त्याचा भुगा होतो. पायराइट, म्हणजे सोन्यासारखा चमकणारा खडा, दमट हवेत कुजतो, त्यातून आम्ल सुटतं आणि खालची चिठ्ठीही खाऊन टाकतं. त्याला वेगळ्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा. ॲमेथिस्टचा जांभळा रंग उन्हानं उडतो. ओकेनाइटच्या गोळ्याला एकदा बोट लागलं की केस दबतात, ते परत उभे राहत नाहीत. मेसोलाइटच्या सुया तर फुंकरीनंही मोडतात.

धुवायचं असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही मजबूत नमुन्यांनाच. ॲसिडचं नाव काढू नका. कॅल्साइट घालवण्यासाठी व्यापारी ते वापरतात, पण पुष्कळ झिओलाइट ॲसिडमध्ये चिकट होऊन जातात. नेताना प्रत्येक नमुना वेगळा गुंडाळा, सुयांचे नमुने डब्यात तळाला चिकटवून न्या. वर्तमानपत्रात गुंडाळून गोणीत भरलेला संग्रह कॉलेजात पोचेपर्यंत खडी झालेला असतो.

अजून जमवत असाल तर एवढं पाळा. खाणीत किंवा कुणाच्या रानात मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि सुरुंग लावायच्या वेळी तर मुळीच नको. कोयना अभयारण्य, चांदोली आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून वन खात्याच्या परवानगीशिवाय दगडसुद्धा उचलायचा नाही. कासच्या पठारावर जांभ्याचा तुकडाही हलवू नये, त्या खडकाच्या खळग्यांतल्या चिमूटभर मातीवरच तिथली फुलं उभी असतात.

ज्यांच्या घरी असा संग्रह आहे आणि तो जमवणारे आजोबा, काका, गुरुजी अजून बोलू शकतात, त्यांनी कॉलेजला फोन करण्याआधी एक रविवार काढावा. पेटी अंगणात उघडावी, एकेक दगड त्यांच्या हातात द्यावा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवावं आणि विचारावं, "हा कुठला?"